शैली आणि भावक्षोभ

‘स्टाइल’ म्हणजे शैली आणि ‘पेथॉस’ म्हणजे कारुण्य, असे पर्याय देऊन मोकळें होण्याची आपल्याकडे रीत आहे. यांतील दुसरा पर्याय अपुरा होय. ॲरिस्टॉटलनें वक्तृत्वावरील आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत भावनांचें विवेचन केलें आहे, तें क्रोधापासून. करुणा मागाहून येते. शैलीचा विचार तिसऱ्या भागांत, निराळा आहे. शैली शब्दांत असते. पेथॉस म्हणजे श्रोत्याच्या चित्तांत उठणारा क्षोभ. हा भेद केवळ पंडितांच्या कामाचा नाहीं. एकदां त्यावर एका नगराचे प्राण अवलंबून होते.

लेस्बॉस बेटावरील मिटिलीनी नगरानें इ. स. पू. ४२८ मध्यें अथेन्सविरुद्ध बंड केलें व पुढील वर्षीं तें शरण आलें. संतप्त नागरिकसभेनें तेथील सर्व पुरुषांस ठार मारण्याचा व बायकामुलांस गुलाम करण्याचा ठराव करून आज्ञेचें जहाज सोडलें. दुसऱ्या दिवशीं लोकांस पश्चात्ताप झाला; सभा पुन्हां भरली.

तेथील दोन भाषणें थ्यूसिडिडीजनें दिलीं आहेत. क्लिऑननें बजावलें कीं, करुणा, भाषणाची गोडी व औदार्य या तिन्ही गोष्टी साम्राज्यास घातक आहेत. म्हणजे करुणा आणि शब्दांची गोडी या त्यानेंच वेगळ्या मोजल्या! मात्र शब्दलालित्याची निंदा करणारें त्याचें भाषण स्वतः मोठें घाटदार आहे. आणि करुणा नको म्हणतांना तो क्रोध चेतवीत असतो. उलट डायोडोटसनें दयेची भीक मागितलीच नाहीं. अथेन्सचें हित कशांत आहे एवढेंच दाखविलें. थोड्या मतांनीं तो जिंकला.

पहिलें जहाज सुमारें एक अहोरात्र पुढें होतें. दुसऱ्यावरील वल्हेकरी द्राक्षारसांत व तेलांत कालविलेलें जवाचें पीठ वल्हवितांनाच खात, आळीपाळीनें झोपत गेले. आज्ञा वाचून झाली होती; अंमल होण्यापूर्वीं ते पोंचले. नगर वांचलें, तरीहि बंडाचे प्रमुख म्हणून हजारांहून अधिक माणसें पुढें मारलीं गेलींच.

दुसऱ्या जहाजाच्या त्वरेंत बक्षिसाची आशाहि होती. मिटिलीनीच्या वकिलांनीं तसा शब्द दिला होता. पहिलें जहाज मात्र संथ चाललें, आणि थ्यूसिडिडीज त्याचें कारण एवढेंच सांगतो कीं, काम विपरीत होतें. दोघांहि वक्त्यांनीं बाजूला सारलेली करुणा त्या वल्ह्यांवर, एकहि शब्द न बोलतां, बसलेली होती.