नालबंद आणि कोकणातली ओल

पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद, अशी शिवकालीन पागेची नेमणूक कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत नोंदलेली आहे. पाणी पुरवणाऱ्याच्या जोडीला खूर सांभाळणारा, ही योजना जाणत्या माणसाची आहे. पायाने अधू झालेला घोडा स्वाराच्या कामाचा राहत नाही. शिलेदाराला चाकरीसाठी आगाऊ दिल्या जाणाऱ्या रकमेलाही ‘नालबंदी’ असेच म्हणत.

खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते. म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून नव्याने बसवावी लागते. नालबंद घोड्याचा पाय दोन गुडघ्यांत धरतो, वाढलेले खूर तासतो, कानशीने तळ सपाट करतो आणि मग नाल लावतो. खिळा खुराच्या बाहेरच्या निर्जीव भागातून तिरपा वर निघायला हवा. किंचित आत गेला, तर तो जिवंत भागाला लागतो, तिथे पू धरतो आणि घोडा लंगडतो. वर निघालेले टोक मोडून खुरावर दाबून बसवतात. हे काम पुस्तकाने येत नाही, हाताने येते.

कोकणात खुराचा खरा वैरी ओल. तळव्याच्या मध्ये मऊ त्रिकोणी गादी असते. शेणमुताच्या चिखलात ती सतत भिजली की तिच्या खाचा कुजतात आणि काळा, घाण वासाचा स्राव येतो. कुजके काढून मोरचुदाचे पाणी लावतात. पण जागा कोरडी नसेल, तर औषध वाया जाते. सभासदाने वर्णिलेली छावणीची रीत या दृष्टीने वाचावी. पावसाळ्यात लष्कर स्वदेशी परते. दाणा, औषधे आणि घोड्यांसाठी गवताने शाकारलेले निवारे आधीच तयार असत. दसऱ्याला पुन्हा कूच होई.

कोकणातल्या मोहिमेतही हेच वेळापत्रक दिसते. पालघर-बोईसर भागातला तारापूरचा किल्ला मराठ्यांनी १७३९ च्या जानेवारीत घेतला. मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर तिथेच पडले. वसई मे महिन्यात हाती आली. दोन्ही विजय पाऊस लागण्याआधीचे आहेत.

नंतरच्या काळात शहरात नालबंदाला काम होते. मुंबईत १८७४ ते १९०५ या काळात घोड्यांच्या ट्राम धावल्या. परळला १८८३ मध्ये बाई साकरबाई पेटिट पशुरुग्णालय आणि १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले. खेड्यातला नालबंद मात्र पुढे बैलांवर जगला. बैलाचे खूर दुभंगलेले, म्हणून एका पायाला दोन पत्र्या लागतात. ट्रॅक्टर आल्यावर तेही काम आटले. मुंबईतल्या घोड्यांच्या व्हिक्टोरिया गाड्यांवर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी घातली. नालबंदाला आता काम उरले ते मुख्यतः महालक्ष्मीचे रेसकोर्स, माथेरान आणि वरातीचे घोडे यांच्यापुरते.

पालघर-बोईसर भागात वरातीसाठी घोडा पाळणाऱ्यांनी मृग लागण्याआधी तबेल्याची जमीन उंच करून घ्यावी आणि पावसाळाभर रोज खूर उचलून खाचा साफ कराव्यात.