चंद्रपूर-गडचिरोलीची निखाऱ्यावरची खाद्यपरंपरा

चंद्रपूर-गडचिरोलीची निखाऱ्यावरची खाद्यपरंपरा म्हणजे महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील या दोन वनव्याप्त जिल्ह्यांत विस्तव, निखारा, राख आणि धूर यांच्या साहाय्याने अन्न शिजवण्याच्या पद्धतींचा समुच्चय होय. रोडगे व पानगे, पानात गुंडाळून भाजलेले मासे, काडीला लावून भाजलेले मांस, चुलीवरच्या धुरात वाळवलेली मासळी, हुरडा आणि भरीत हे या परंपरेतील ठळक पदार्थ आहेत. गेल्या काही दशकांत महामार्गावरील ढाबे, सावजी भोजनालये आणि ताडोबा परिसरातील निवासस्थाने यांमुळे त्यांत तंदुरी व बार्बेक्यू पद्धतीच्या पदार्थांची भर पडली आहे. नागपूर आणि इतर शहरांतून मित्रमंडळींचे गट मोटारीने या भागात खाद्यप्रवासासाठी येतात.

नाव व व्याप्ती

‘बार्बेक्यू’ या शब्दाचे मूळ कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेत आहे. तेथील लोक काड्यांची उंच चौकट उभारून तिच्यावर, खालच्या विस्तवाच्या आचेने मांस व मासे भाजत किंवा वाळवत. या चौकटीचे नाव स्पॅनिश भाषेत ‘बार्बाकोआ’ असे रूढ झाले आणि तेथून ते इतर युरोपीय भाषांत गेले. मराठीत या अर्थाचा एकच शब्द नाही. भाजणे, शेकणे, होरपळणे, धुरी देणे, राखेत पुरणे अशी वेगवेगळी क्रियापदे वेगवेगळ्या कृतींसाठी वापरली जातात. प्रस्तुत लेखात या सर्व कृतींचा विचार केला आहे.

भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्यातील सुमारे तीन चतुर्थांश भूभाग वनाखाली आहे. चंद्रपूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ११,४४३ चौरस किलोमीटर आहे. वर्धा व वैनगंगा या नद्यांचा संगम चपराळ्याजवळ होतो आणि पुढे हा प्रवाह प्राणहिता या नावाने सिरोंचाजवळ गोदावरीस मिळतो.

अन्नाच्या दृष्टीने या प्रदेशाचे दोन भाग पडतात. पश्चिमेकडील वरोरा व भद्रावती हे तालुके काळ्या जमिनीचे असून तेथे कापूस, तूर, सोयाबीन व ज्वारी ही पिके घेतली जातात. तेथील आहार वऱ्हाडी वळणाचा आहे. पूर्वेकडील नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली आणि संपूर्ण गडचिरोली जिल्हा हा भाताचा व तलावांचा प्रदेश असून तो ‘झाडीपट्टी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पूर्व विदर्भात मोडतो. येथील जुने मालगुजारी तलाव (मामा तलाव) सिंचनाबरोबरच मासळीही पुरवतात. ढीवर व भोई समाजांची उपजीविका मुख्यतः या तलावांवर आणि नद्यांवर अवलंबून आहे. ‘एचएमटी’ हे तांदळाचे प्रसिद्ध वाणही याच पट्ट्यातले आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी ते निवडपद्धतीने विकसित केले आणि त्या काळच्या लोकप्रिय हातघड्याळाच्या नावावरून ते ओळखले जाऊ लागले.

गोंड, माडिया गोंड, कोलाम, परधान, हलबा इत्यादी आदिवासी समाजांबरोबर येथे इतर भाषिकांच्या वस्त्याही आहेत. सिरोंचा, राजुरा व बल्लारपूर भागांत तेलुगू भाषिकांची संख्या मोठी आहे. चामोर्शी व मुलचेरा तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. कोळसा खाणी, बल्लारपूरचा कागद कारखाना, सिमेंट कारखाने आणि औष्णिक वीज केंद्र यांमुळे चंद्रपूर परिसरात देशाच्या अनेक भागांतून कामगार आले. या सर्वांच्या स्वयंपाकाचे ठसे स्थानिक खाद्यव्यवहारावर उमटले आहेत.

भाजण्याच्या पारंपरिक पद्धती

गोवऱ्यांचा विस्तव. रोडगे हा विदर्भातील सामुदायिक भोजनाचा पदार्थ आहे. जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेचे एकावर एक थर ठेवून गोळा वळतात आणि तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत व गरम राखेत भाजतात. भाजल्यावर राख झटकून रोडगा फोडतात व त्यावर तूप घालतात. सोबत वांग्याची भाजी आणि वरण असते. पानगे त्याच जातीचे, परंतु कणकेची थापलेली चकती पळसाच्या पानांत ठेवून भाजली जाते. पानांमुळे राख लागत नाही आणि पानांचा मंद वास कणकेत उतरतो. रोडग्यांचा बेत सहसा शेतात, नदीकाठी किंवा देवस्थानाजवळ होतो. आगीचे काम पुरुषांनी करण्याची प्रथा अनेक गावांत आढळते.

पऱ्हाट्या व तुराट्या. कापसाची व तुरीची वाळलेली खोडे, म्हणजे अनुक्रमे पऱ्हाट्या व तुराट्या, झटकन पेटतात आणि थोडा वेळ तीव्र आच देतात. वांग्याची साल करपून गर मऊ होण्यास ही आच सोयीची असल्याने भरताची वांगी त्यांवर भाजली जातात. हिवाळ्यात ज्वारीची कोवळी कणसे गोवऱ्यांच्या आरावर भाजून, चोळून हुरडा काढला जातो.

पानांतील भाजणी. पूर्वेकडील वनभागात पळस व इतर रुंद पानांचा उपयोग भांड्यासारखा होतो. लहान मासे, झिंगे किंवा अळंबी यांना मीठ, मिरची व हळद लावून पानांच्या दोन-तीन पदरांत बांधतात आणि ती पुडी निखाऱ्यात ठेवतात. बाहेरचे पान जळते, आतले ओलसर राहते आणि अन्न स्वतःच्याच वाफेत शिजते. या पद्धतीस तेल जवळजवळ लागत नाही. शेजारच्या बस्तरमध्येही अशीच कृती प्रचलित आहे.

काडीवरची भाजणी व धुरी. मासा किंवा कोंबडीचे तुकडे ओल्या काडीला टोचून निखाऱ्याजवळ तिरपे रोवणे ही सर्वांत साधी पद्धत होय. पाहुणचारात व सणांत गावठी कोंबडी, बोकड किंवा पाळीव डुकराचे मांस वापरले जाते. नदीत मासळी मुबलक मिळते त्या दिवसांत ती चुलीवर बांधलेल्या मचाणीवर पसरून धुराने वाळवतात. अशी मासळी पावसाळ्यातील टंचाईच्या काळात उपयोगी पडते.

वनातील जिन्नस

भाजलेल्या अन्नासोबत येणारे अनेक जिन्नस वनातून येतात. पावसाळ्याच्या आरंभी बांबूचे कोवळे कोंब (वास्ते), तसेच सात्या व टेकोडे या नावांनी ओळखली जाणारी वारुळावरची अळंबी बाजारात येते. उन्हाळ्यात मोहफुले, टेंभरे व चार ही फळे-फुले मिळतात. मोहफुले वाळवून वर्षभर वापरतात आणि मोहाच्या बियांपासून खाद्यतेल काढतात. झाडांवर पानांची घरटी करणाऱ्या लाल मुंग्यांची आंबट चटणी माडिया व गोंड समाजांत खाल्ली जाते. बस्तरमध्ये तिला ‘चापडा’ म्हणतात.

माडिया समाजात नवे पीक अथवा फळ खाण्यापूर्वी ‘पंडुम’ हा सण साजरा करण्याची प्रथा आहे. सण होईपर्यंत संबंधित वस्तू खाल्ली जात नाही. फळे व पिके पक्व होईपर्यंत त्यांची तोड थांबवण्याचे कार्यही त्यामुळे आपोआप साधते.

खाणावळी, ढाबे व भोजनालये

या भागात विकल्या जाणाऱ्या मांसाहारी जेवणावर नागपूरच्या सावजी पद्धतीचा प्रभाव आहे. ही पद्धत हलबा कोष्टी या विणकर समाजाकडून आली. तिच्यात मांस थेट विस्तवावर भाजले जात नाही, तर मसाले काळपट होईपर्यंत भाजून त्यांचा तिखट रस्सा केला जातो. तरीही चंद्रपूरच्या खाद्यप्रवासात भाजलेल्या पदार्थांच्या बरोबरीने सावजी मटणाचा समावेश असतो. उपड्या मडक्यावर भाजलेली अतिशय पातळ ‘लांब रोटी’ हा याच परिसरातील आणखी एक वैशिष्ट्यपूर्ण पदार्थ आहे.

कोळसा व सिमेंटच्या मालवाहतुकीमुळे चंद्रपूरच्या रस्त्यांवर ढाब्यांची संख्या वाढली. तेथे पंजाबी पद्धतीचा मातीचा तंदूर, तंदुरी कोंबडी आणि रोटी मिळते. काही ठिकाणी चुलीवरचे मटण, गावठी कोंबडीचा रस्सा व तांदळाची भाकरी यांची पाटी लावलेली दिसते. तलावांजवळच्या गावांत ताजी मासळी तळून वा रश्श्यात मिळते, भाजलेली मात्र बहुधा सांगितल्यावरच केली जाते. निखाऱ्यावरचे मूळ पदार्थ अजूनही मुख्यतः घरात, शेतात व सणात होतात. ते हॉटेलांच्या यादीत क्वचितच सापडतात.

दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईच्या आणि झाडीपट्टी रंगभूमीच्या हंगामात नाटकासाठी आलेल्या पाहुण्यांना घरोघरी मांसाहारी जेवण दिले जाते. वडसा (देसाईगंज) हे या रंगभूमीचे प्रमुख केंद्र आहे.

खाद्यप्रवासाचे मार्ग

प्रचलित मार्ग नागपूरहून सुरू होतो. जाम, वरोरा व भद्रावतीमार्गे चंद्रपूर सुमारे १५० किलोमीटर अंतरावर आहे. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी स्थापन केलेले आनंदवन आहे. चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोली सुमारे ८० किलोमीटर असून हा रस्ता वनातून व भातशेतीतून जातो. गडचिरोलीच्या दक्षिणेस चामोर्शी, आष्टी व आलापल्ली ही थांब्याची गावे आहेत. आलापल्लीहून एक रस्ता हेमलकसा व भामरागडकडे (सुमारे ६५ किलोमीटर) आणि दुसरा सिरोंचाकडे (सुमारे १०० किलोमीटर) जातो. हेमलकसा येथे १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्प कार्यरत आहे. भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतमी व पर्लकोटा या नद्यांचा संगम असून नदीतील मासळी हे तेथील जेवणाचे वैशिष्ट्य आहे. सिरोंचा भागात जेवणाची चव तेलंगणाच्या वळणाची, म्हणजे अधिक आंबट व तिखट होते.

आलापल्लीच्या पुढे खाणावळी विरळ असल्याने आगाऊ सांगून जेवण तयार करवून घेण्याचा प्रघात आहे. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुरामुळे भामरागडचा संपर्क अनेकदा तुटत आला आहे. प्रवासासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा मानला जातो. हुरडा, मंडई व रोडग्यांचे बेत याच काळात असतात.

कायदेशीर बाबी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्यप्राण्यांची शिकार आणि त्यांच्या मांसाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. रानडुक्कर, ससा, चितळ किंवा रानपक्षी यांचे मांस देऊ करणारी व ते मागणारी अशा दोन्ही व्यक्तींवर कारवाई होऊ शकते. ‘जंगली’ या नावाने विकले जाणारे पदार्थ म्हणूनच पाळीव प्राण्यांच्या मांसाचेच असणे आवश्यक आहे.

भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनात विस्तव पेटवणे निषिद्ध आहे. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम मानला जातो. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची सवयही अनेक वणव्यांना कारणीभूत ठरते. त्यामुळे सहलीतील शेकोटी व भाजणी वनाबाहेर, परवानगी असलेल्या जागीच करावी लागते.

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ रोजी लागू झालेली दारूबंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली. दोन्ही जिल्ह्यांच्या सीमा ओलांडणाऱ्या प्रवाशांना हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

वनहक्क, वाघ आणि अन्न

ही खाद्यपरंपरा टिकण्याचा प्रश्न वनाच्या मालकीशी व सुरक्षिततेशी जोडलेला आहे. वनहक्क कायदा, २००६ नुसार धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये १,८०९ हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला २०१२ मध्ये असा हक्क मिळाल्यावर तेथील ग्रामसभेने तेंदूपाने न तोडण्याचा निर्णय घेतला. पानांसाठी झाडे छाटली व जाळली जातात आणि त्यामुळे टेंभरे हे खाण्याचे फळ नाहीसे होते, हे त्यामागचे एक कारण होते. रोख उत्पन्न देणाऱ्या पानापेक्षा गावाने खाद्य फळास महत्त्व दिल्याचे हे उदाहरण आहे.

दुसरीकडे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आणि त्याभोवतीच्या प्रादेशिक वनांत वाघांची संख्या वाढली असून मोहफुले, तेंदूपाने, सरपण व रानभाज्या गोळा करताना माणसे वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडण्याच्या घटना वारंवार घडतात. मृतांमध्ये स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय असते, कारण वनातून अन्न आणण्याचे काम बहुतांशी त्यांच्याकडे असते. पर्यटकांच्या ताटात कुतूहलाचा विषय म्हणून येणारी रानभाजी किंवा मोहाचा पदार्थ यांच्या मागे ही जोखीम असते.

सद्यस्थिती

स्वयंपाकाच्या गॅसचा प्रसार, सरपणावरील मर्यादा आणि गुरांची घटती संख्या यांमुळे रोजच्या स्वयंपाकातील निखारा कमी होत आहे. चुलीच्या धुरापासून स्त्रियांच्या आरोग्याचे रक्षण होण्याच्या दृष्टीने हा बदल स्वागतार्ह आहे. रोडगे, पानगे व पानांतील मासे मात्र प्रासंगिक भोजनात टिकून आहेत. महिला बचत गट मोहफुलांचे लाडू व तत्सम पदार्थ तयार करतात. रानभाजी महोत्सवांतून वनातील भाज्यांची ओळख शहरी ग्राहकांना होत आहे. तंदुरी पदार्थांच्या तुलनेत स्थानिक पदार्थांना हॉटेलांत अद्याप अल्प स्थान आहे आणि त्यांच्या कृती मुख्यतः मौखिक परंपरेनेच पुढील पिढीकडे जातात.