खिडकी उघडते आहे, जरा थांबा

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया लागतात, तह लागतात, निदान एखादा दगाफटका तरी लागतोच. या तिन्ही गोष्टी भरपूर असून ज्यात घोडा मात्र एकही नाही, असा एक इतिहास आपल्या टेबलावर बसून रोज आपल्याकडे पाहत असतो. तो म्हणजे ‘विंडोज’ नावाच्या प्रकरणाचा इतिहास. घोड्याची उणीव त्यात एका उंदरानं भरून काढली आहे.

हल्लीच्या मुलांना वाटतं, कॉम्प्युटर जन्मला तोच मुळी चित्रं, खिडक्या आणि बाण घेऊन. तसं नव्हतं. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमनं आपला घरगुती कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्याचा पडदा अमावास्येसारखा काळा असे. कोपऱ्यात एक अक्षर, त्यापुढं बाणाच्या टोकासारखी एक खूण आणि तिच्यापुढं उघडझाप करणारी एक बारकी रेघ. बस्स. काउंटरमागचा कारकून मान वर न करता नुसता ‘हं’ म्हणतो ना, तेच ते. पुढचं तुम्ही बोलायचं, आणि तेही त्याच्या भाषेत, शुद्धलेखनासकट. एक अक्षर इकडचं तिकडं झालं की तो सांगे, ‘आज्ञा चुकली किंवा फाइलचं नाव चुकलं.’ दोहोंपैकी नेमकं काय चुकलं, हे सांगायला तो बांधलेला नव्हता. आणि फ्लॉपी नीट बसली नाही, तर तो विचारी, ‘सोडून देऊ, पुन्हा पाहू, की दुर्लक्ष करू?’ आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी अर्जाचं अख्खं आयुष्य या तीन शब्दांत मावतं. पण साहेबाच्या देशात त्याचा लोकांना धसका बसला होता.

या काळ्या पडद्यामागच्या कारभाऱ्याचं नाव डॉस. त्याचीही जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. आयबीएमला कार्यप्रणाली हवी होती आणि मायक्रोसॉफ्टनं ती देण्याचं कबूल केलं होतं. अडचण इतकीच की मायक्रोसॉफ्टकडे ती नव्हती. मग सिएटलमधल्या एका छोट्या कंपनीत टिम पॅटरसन या तरुणानं लिहिलेली प्रणाली त्यांनी मिळवली आणि जुलै १९८१ मध्ये तिचे सर्व हक्क पन्नास हजार डॉलरला विकत घेतले. शेजारून वाटीभर साखर आणावी आणि तिच्यावर पेढ्यांचा कारखाना काढावा, त्यातला हा प्रकार.

आता उंदराकडे वळू. तो डग्लस एंगलबार्ट या संशोधकाचा. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी तो जगाला दाखवला. पहिला नमुना चक्क लाकडी होता, आणि शेपटीसारखी वायर होती म्हणून त्याला उंदीर म्हणायचं. पुढं झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रानं १९७३ मध्ये ‘अल्टो’ नावाचं यंत्र बनवलं. पडद्यावर खिडक्या, चित्रं आणि हातात उंदीर असा संसार त्यानंतर तिथं थाटला गेला. १९८१ मध्ये झेरॉक्सनं ‘स्टार’ हे यंत्र विकायला काढलं. किंमत सोळा हजार डॉलरच्या वर. एवढ्या पैशात तेव्हा लोक दोन मोटारी घेत. त्यांनी मोटारी घेतल्या.

डिसेंबर १९७९ मध्ये ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज त्या केंद्रात पाहुणे म्हणून जाऊन आले होते. पाहुणे परत गेल्यावर घरातली भांडी मोजायची असतात, हे झेरॉक्सला कोणी सांगितलं नसावं. जानेवारी १९८३ मध्ये ॲपलचा ‘लिसा’ आला. किंमत ९,९९५ डॉलर. २४ जानेवारी १९८४ रोजी ‘मॅकिंटॉश’ आला, किंमत २,४९५. ज्या कंपनीच्या नावाचा आपण मराठीत ‘प्रत काढणे’ असा अर्थ करून टाकला, तिचीच अशी झेरॉक्स निघावी, हा केवढा दैवदुर्विलास!

बिल गेट्स हे सगळं पाहत होते. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात एका तिसऱ्याच कंपनीची खिडक्यावाली प्रणाली त्यांनी पाहिली आणि ते अस्वस्थ झाले. वर्षभरात, म्हणजे १० नोव्हेंबर १९८३ रोजी, अठ्ठावीस वर्षांच्या गेट्सनी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पत्रकारांना बोलावून जाहीर केलं की, आम्हीही खिडक्या आणतो आहोत. पुढच्या वर्षी मिळतील.

कामाचं मूळ नाव होतं ‘इंटरफेस मॅनेजर’. या नावाचा मनुष्य दुपारी जेवायला गेला की चारपर्यंत परतत नाही, असं नाव ऐकताच वाटतं. पण तेवढ्यात कंपनीत रोलंड हॅन्सन नावाचे विक्रीतज्ज्ञ दाखल झाले. ते आले होते सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यातून. साबणाच्या वडीवर रसायनशास्त्र लिहायचं नसतं, गुलाब काढायचा असतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ‘विंडोज’ हे नाव गळी उतरवलं.

नाव ठेवलं, पण बाळ येईना. १९८४ उजाडलं, मावळलं. १९८५ चा उन्हाळा गेला. ‘व्हेपरवेअर’, म्हणजे नुसतीच वाफ, असा एक शब्द त्या धंद्यात तेव्हा नवानवा रूढ झाला होता. तो विंडोजला असा चपखल बसला, की शिंप्यानं माप घेऊन शिवला असावा. अखेर २० नोव्हेंबर १९८५ रोजी, घोषणेनंतर दोन वर्षं आणि दहा दिवसांनी, पहिली आवृत्ती प्रकटली. किंमत ९९ डॉलर. स्टीव्ह बामर पुढं त्या कंपनीचे प्रमुख झाले. पण तेव्हा त्यांनी घरातल्या घरात, म्हणजे कंपनीतल्या मंडळींपुरती, एक गमतीची जाहिरात केली होती. तीत ते यात्रेतल्या विक्रेत्यासारखे बेंबीच्या देठापासून ओरडून ही किंमत सांगतात आणि शेवटी नेब्रास्का राज्याला वगळतात. नेब्रास्कानं काय घोडं मारलं होतं कोण जाणे.

डब्यात होतं काय? घड्याळ, कॅलेंडर, गणकयंत्र, टिपणवही, चित्रकलेची वही आणि रिव्हर्सी नावाचा एक खेळ. एकंदरीत चौथीतल्या मुलाचं दप्तर. लागणारी स्मृती २५६ किलोबाइट. आज खिशातल्या फोननं काढलेला पहिलाच फोटो त्याच्या कित्येक पट निघतो. आणि खिडक्या? त्या चाळीतल्या खोल्यांसारख्या शेजारी शेजारी. एकीवर दुसरी चढवायची सोय नाही. नवी खिडकी उघडली की जुन्यांनी अंग चोरून जागा द्यायची. वर सगळंच इतकं संथ, की वाळूच्या घड्याळाचं चित्र पाहता पाहता माणूस अंतर्मुख होई. मासिकांनी नाकं मुरडली. खपाचं म्हणाल, तर बोलावं असं काही नव्हतं.

९ डिसेंबर १९८७ रोजी दुसरी आवृत्ती आली. आता खिडक्या एकमेकींवर चढू लागल्या. चाळीचं रूपांतर मुंबईच्या लोकलमध्ये झालं, प्रत्येकीची कोपरं दुसरीच्या पोटात. मॅकिंटॉशमध्ये हेच होतं. त्यामुळं १७ मार्च १९८८ रोजी ॲपलनं मायक्रोसॉफ्टवर दावा ठोकला. हे आमच्या घरासारखं आहे, ते आमच्या दारासारखं आहे, अशी १८९ साम्यं न्यायालयापुढं मांडली. न्यायाधीशांनी जुने कागद उलगडले तर काय, १९८५ मध्येच ॲपलनं मायक्रोसॉफ्टला परवानगीचा करार लिहून दिलेला! १८९ पैकी १७९ गोष्टी त्या करारातच बसल्या. भिंतीचा वाद मांडणाऱ्या थोरल्या भावाच्या ट्रंकेतूनच वाटणीपत्र निघावं, तशी गत झाली. तरी खटला १९९५ पर्यंत चालला. मध्येच डिसेंबर १९८९ मध्ये झेरॉक्सला जाग आली आणि तिनं ॲपलवर दावा लावला. तोही पुढच्या वर्षी निकालात निघाला.

ॲपलचे अँडी हर्ट्झफेल्ड या भांडणाची एक आठवण सांगतात. मायक्रोसॉफ्टच्या घोषणेनंतर जॉब्जनी गेट्सना बोलावून चोरीचा आरोप केला. गेट्सनी शांतपणे उत्तर दिलं ते असं, की आपल्या दोघांचा झेरॉक्स नावाचा एक श्रीमंत शेजारी होता. मी त्याच्याकडे टीव्ही चोरायला शिरलो, तर तो तू आधीच नेलेला होतास.

आता तुम्ही म्हणाल, दोनदा नापास झालेलं हे पोर पुढं गेलं कसं? इथं थोडी वास्तुशास्त्राची माहिती लागते. डॉसच्या घरात प्रोग्रॅमना राहायला ६४० किलोबाइट जागा. त्यातच डॉस स्वतः, त्यातच विंडोज, त्यातच तुमचं काम. दीड खोलीत सासू, सून आणि पाहुणे. पण १९८२ नंतरच्या इंटेलच्या चिपांना वर मोठा माळा होता. तिथं जायची शिडी तेवढी डॉसकडे नव्हती. मायक्रोसॉफ्टची अधिकृत आशा तेव्हा आयबीएमबरोबर चाललेल्या ओएस/टू या दुसऱ्याच प्रणालीवर होती. घरची माणसंच विंडोजचं भविष्य फारसं धरीत नव्हती.

आणि इथं, १९८८ च्या उन्हाळ्यात, एका मेजवानीत डेव्हिड वाइज आणि मरे सार्जंट यांची गाठ पडली. वाइज विंडोजच्या गटातले. सार्जंट ॲरिझोनातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, त्या वेळी मायक्रोसॉफ्टमध्ये आलेले. गप्पांतून निघालं की सार्जंट यांचं एक साधन वापरून विंडोजला माळ्यावर चढवता येईल. वाइजनी खटपट करून ते करूनही दाखवलं. मोठमोठ्या समित्यांना जे साधलं नाही, ते दोन माणसांच्या गप्पांत साधलं. लग्नाच्या पंगतीत स्थळं जुळतात म्हणतात, ते खोटं नाही.

२२ मे १९९० रोजी तिसरी आवृत्ती आली आणि पोरगं एकदाचं मॅट्रिक झालं. साधंसुधं नव्हे, बोर्डात आलं. आयबीएमशी भागीदारी मोडली आणि थोरल्या घराण्याच्या मदतीशिवाय घरोघरच्या टेबलांवर विंडोज जाऊन बसलं.

या यशातला खारीचा वाटा मात्र कोणी विसरू नये. तिसऱ्या आवृत्तीबरोबर ‘सॉलिटेअर’ हा एकट्यानं खेळायचा पत्त्यांचा डाव आला. तो लिहिला वेस चेरी या उमेदवारी करणाऱ्या विद्यार्थ्यानं. पत्त्यांची चित्रं काढली सुझन केअर यांनी. मॅकिंटॉशची गाजलेली चित्रंही त्यांचीच. म्हणजे वकील कोर्टात भांडत असताना चित्रकार मात्र दोन्ही घरी सत्यनारायणाला जात होती. यंत्राला बिचकणाऱ्या माणसाची भीड या डावानं मोडली. पान उचलून दुसऱ्या पानावर ठेवता ठेवता उंदीर हातात कसा धरायचा, हे जगातली कचेऱ्यांतली मंडळी शिकली, आणि तेही पगारी वेळेत. साहेब आला की पडद्यावर कामाचा देखावा दाखवणारी एक कळही चेरीनं ठेवली होती. कंपनीनं ती काढायला लावली. या डावाबद्दल त्याला मानधन म्हणून दमडी मिळाली नाही.

मग २४ ऑगस्ट १९९५. विंडोज ९५! मध्यरात्री दुकानांपुढं रांगा, न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर कंपनीच्या रंगांची रोषणाई, आणि लंडनचं ‘टाइम्स’ त्या दिवशी वाचकांना फुकट. यंत्र सुरू होताना वाजणारी काही सेकंदांची धून ब्रायन ईनो या संगीतकाराची. ती आपण मॅकवर रचली, असं त्यांनीच पुढं सांगून टाकलं. आणि डाव्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’चं बटण. यंत्र बंद करायचं असेल तर आधी ‘सुरू’ दाबा, यावर साहेबाच्या देशात फार विनोद झाले. आपल्याला त्यात वावगं काही दिसलं नाही. आपण निघताना ‘येतो’ म्हणूनच निघतो.

या साऱ्या वरातीत आपली मराठी कुठं होती? ती दाराशी उभी होती. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड घालून डॉसच्या काळातही देवनागरी दिसे. खिडक्यांत मात्र इंग्रजी अक्षरांनाच देवनागरीचे कपडे चढवून वेळ भागवावी लागे. दुसऱ्याच्या यंत्रावर तोच फॉन्ट नसला, की कपडे गळून पडत आणि ‘सहकुटुंब सहपरिवार’ यायचं निमंत्रण मंत्रतंत्रासारखं दिसे. विंडोज २००० मध्ये देवनागरीला कायदेशीर जागा मिळाली. तिच्यासाठीचा ‘मंगल’ हा टंक मुंबईच्या सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. म्हणजे पहिली खिडकी उघडल्यावर ‘क’ला काना द्यायला पंधरा वर्षं लागली. चित्रांच्या भाषेनं इंग्रजी न येणाऱ्याचं भय कमी केलं हे खरं. पण आपलं नाव आपल्या अक्षरांत पाहणं ही गोष्ट वेगळीच.

आणि पहिल्या आवृत्तीचं पुढं काय झालं? तिची अधिकृत देखभाल मायक्रोसॉफ्टनं ३१ डिसेंबर २००१ रोजी थांबवली. दोन वर्षं उशिरा आलेली, कोणी फारशी न वापरलेली ती पाच-सहा खणांची पेटी कागदोपत्री सोळा वर्षं नोकरीत होती. आपल्याकडे असती, तर तिला घड्याळ आणि श्रीफळ देऊन निरोप दिला असता. घड्याळाची तिला गरज नव्हती म्हणा. तेवढं एक तिच्याकडे पहिल्या दिवसापासून होतं, आणि असं म्हणतात की ते बरोबर चालायचं.