एडिंबरा: वरून खाली, सावकाश

येत्या मे महिन्यात आई, बायको आणि मी असे तिघं पाच दिवस एडिंबराला जायचं ठरवतोय. (लिहिताना शेवटी 'बर्ग' दिसतं, पण तिथे तसं कुणी म्हणत नाही. एडिंबरा.) ही बातमी फुटल्याबरोबर मामेभावाने यादी पाठवली. चार दिवसांत एकतीस ठिकाणं, आणि पाचव्या दिवशी लॉख नेसचा राक्षस! त्याला फोनवर उत्तर दिलं तर भांडण होईल, म्हणून इथेच सविस्तर लिहितो. बाकीच्या नातेवाइकांचीही सोय होईल. :)

मुळात एडिंबरा मी आणि आईने एकदा 'केलेलं' आहे. दहाएक वर्षांपूर्वी, एका सहलवाल्याबरोबर, चार तासांत. किल्ल्यासमोर फोटो, दुकानात लोकरीचे मफलर, आणि मग बस. बसकडे धावताना मुख्य रस्त्यावर आई एका बोळाच्या तोंडाशी थबकली. कमानीवर एका पोराचा चेहरा दगडात कोरलेला होता. राजाचा नाही, संताचा नाही, साध्या पोराचा. "हा कोण रे?" आईने विचारलं. मी म्हटलं, "असेल कुणी राजपुत्र. चल, बस सुटेल." आणि तिला हाताला धरून ओढत नेलं.

तो राजपुत्र नव्हता. कोण होता ते मला नंतर वाचताना कळलं, आणि स्वतःची लाज वाटली. या वेळचा सगळा बेत खरं तर त्या पोरापासून सुरू झालाय. पण त्याच्याकडे नंतर येतो.

आधी गावाची ठेवण. आई भूगोलाची शिक्षिका, त्यामुळे हा भाग तिच्यासाठी. किल्ला आहे तो खडक म्हणजे सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला लाव्हा. हिमयुगात पश्चिमेकडून बर्फाचा लोंढा आला, तो या खडकावर आपटून दोन्ही बाजूंनी फाकला, आणि खडकाच्या आडोशाला पूर्वेकडे शेपटीसारखा उतार शिल्लक राहिला. जुनं शहर वसलंय ते या शेपटीवर. वरच्या टोकाला किल्ला, खालच्या टोकाला होलीरूड राजवाडा, मधे एकच लांब रस्ता, रॉयल माईल. आणि माशाच्या काट्यांसारखे दोन्ही बाजूंना निघालेले अरुंद बोळ. त्यांना तिथे 'क्लोज' म्हणतात.

गंमत अशी की या शहराला पसरायला जागाच नव्हती. उत्तरेला तळं, भोवती तट. १५१३ साली फ्लॉडनच्या लढाईत स्कॉटलंडचा राजा पडला, त्यानंतर नवा तट बांधायला घेतला आणि पुढची दोन-अडीचशे वर्षं शहर त्याच्या आतच राहिलं. आडवं वाढता येईना म्हणून उभं वाढलं. दगडी इमारती, काही ठिकाणी दहा मजल्यांच्याही वर. एकाच जिन्याने सरदार, वकील, शिंपी, मोलकरीण सगळे चढायचे. मधल्या हवेशीर मजल्यांवर पैसेवाले, अगदी खाली आणि अगदी वर गरीब. घाण प्रचंड, पण सगळे एका जिन्यावर भेटायचे, हे महत्त्वाचं.

तर हे शहर बघायचं कसं? इथे मला एक वाटाड्या सापडला. पॅट्रिक गेडिस. जन्म १८५४, मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार. १८९२ मध्ये त्याने किल्ल्याजवळचा एक मनोरा घेतला. त्याच्या माथ्यावर 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' आहे, म्हणजे अंधाऱ्या खोलीतल्या पांढऱ्या मेजावर आरसा आणि भिंगाच्या साहाय्याने बाहेरचं जिवंत शहर उतरवणारं यंत्र. रस्त्यावरून चालणारी माणसं मेजावर चालताना दिसतात. गेडिस पाहुण्याला आधी थेट माथ्यावर न्यायचा, मग मजल्या-मजल्याने खाली आणायचा. वरून पहिला मजला एडिंबराचा, मग स्कॉटलंड, इंग्रजी बोलणारे देश, युरोप, आणि तळाशी जग. मधे एक रिकामी खोलीही होती, पाहिलेलं डोक्यात मुरेपर्यंत नुसतं बसायला! आधी पूर्ण पाहा, मग बोला, मग काय करायचं ते ठरवा, हे त्याचं सूत्र. सहलवाल्यांच्या बरोब्बर उलटं.

म्हणून आमचा पहिला दिवस फक्त 'वर'. गेडिसच्या मनोऱ्यात आज भ्रमांचं मनोरंजन-संग्रहालय आहे, कॅमेरा ऑब्स्क्युरा अजून माथ्यावर आहे, पण लिफ्ट नाही. आईच्या गुडघ्यांसाठी पर्याय शोधला. चेंबर्स स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या गच्चीवर लिफ्टने जाता येतं आणि तिथून किल्ल्यासकट सगळं शहर दिसतं. प्रवेश फुकट. सकाळी आई गच्चीवर, दुपारी आम्ही दोघं आळीपाळीने मनोऱ्यावर. किल्ला त्याच दिवशी, पण तिकीट आधी वेळ ठरवून काढलेलं. आत बाराव्या शतकातलं सेंट मार्गारेटचं चिमुकलं चॅपल आहे, शहरातली सगळ्यांत जुनी उभी वास्तू. दुपारी एकला तोफ उडते ती १८६१ पासून (रविवारी नाही). मराठी माणसासाठी आणखी एक धागा: पेशव्यांच्या दरबारातला रेसिडेंट आणि नंतर मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन लहानपणी याच शहरातल्या हायस्कुलात शिकला, आणि त्याचे वडील या किल्ल्याचे गव्हर्नर होते. शनिवारवाडा ताब्यात घेणाऱ्याचं बालपण असं दुसऱ्या एका किल्ल्याच्या सावलीत गेलं.

दुसरा दिवस बोळांचा. आणि त्या पोराचा.

१८६१ च्या नोव्हेंबरमधली मध्यरात्र. हाय स्ट्रीटवरची सुमारे अडीचशे वर्षं जुनी, माणसांनी खच्चून भरलेली इमारत झोपलेल्या रहिवाशांसकट कोसळली. ३५ माणसं मेली. लोक ढिगारा उपसत होते, आशा सोडायच्या बेतात होते, तेवढ्यात आतून एका पोराचा आवाज आला. तो म्हणत होता, ओढा रे गड्यांनो, मी अजून मेलो नाही! तो जिवंत निघाला. जागेवर नवी इमारत उभी राहिली तेव्हा पेस्ली क्लोजच्या कमानीवर त्याचा चेहरा आणि त्याचे शब्द कोरले. माझा 'राजपुत्र' तो हा.

पण अडीचशे वर्षं टिकलेली इमारत तेव्हाच का पडली? त्याचं उत्तर तळ्यापलीकडे आहे, म्हणून तिसरा दिवस नव्या शहराचा.

'नवं' म्हणजे १७६७ सालचं! नगरपालिकेने स्पर्धा घेतली, जेम्स क्रेग नावाच्या विशीतल्या तरुणाचा आराखडा निवडला. तीन समांतर रस्ते, दोन टोकांना दोन चौक. तळं आटवायला आधीच घेतलं होतं, पलीकडे जायला पूल बांधला. (पूल पुरा व्हायच्या आत १७६९ मध्ये त्याचा काही भाग ढासळून पाच माणसं गेली.) पायांसाठी खणलेली माती टाकून टाकून दरीत 'माउंड' नावाचा बांधच तयार झाला, त्यावरून आज आपण चालतो. पश्चिमेच्या टोकाचा शार्लट स्क्वेअर रॉबर्ट ॲडमने १७९१ मध्ये आखला. देखणा, मोजून-मापून बांधलेला, शांत. १९९५ मध्ये जुनं आणि नवं मिळून दोन्ही शहरं युनेस्कोच्या वारसा यादीत गेली, ते योग्यच.

पण हे सौंदर्य म्हणजे एक निरोपही होता. जिन्यावरचे वकील, डॉक्टर, सरदार एकेक करून पूल ओलांडून गेले. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम जुन्या शहरात जेम्स कोर्टमध्ये राहायचा, तोही १७७१ च्या सुमारास नव्या शहरात राहायला गेला. मागे राहिल्या मोठमोठ्या इमारती, त्यांचे तुकडे करून भाड्याने दिलेल्या खोल्या, आणि दुरुस्तीला पैसे नसलेली माणसं. मालक गेले की घर आधी आतून पडतं. बाहेरून पडलेलं १८६१ साली दिसलं, इतकंच.

अपघातानंतर शहराला जाग आली. पुढच्याच वर्षी आरोग्य अधिकारी नेमला, १८६७ मध्ये सुधारणा कायदा आला, आणि मग सरसकट पाडापाडी. संग्रहालयासमोरचा तो रुंद चेंबर्स स्ट्रीट याच कायद्याची देणगी. हवा आली, उजेड आला, हे खरं. पण घर पाडलं म्हणजे माणसाची सोय झाली असं नव्हे. तो शेजारच्या बोळात जाऊन आणखी दाटीने राहतो.

आणि इथे गेडिस पुन्हा येतो. १८८६ मध्ये लग्न झाल्यावर तो आणि त्याची बायको ॲना (उत्तम पियानो वाजवायची) नव्या शहरातलं घर सोडून कुठे राहायला गेले असतील? जेम्स कोर्टमध्ये! ह्यूम ज्या अंगणातून निघून गेला, त्याच अंगणात, तेव्हा वस्ती झालेल्या. शेजाऱ्यांना घेऊन भिंती रंगवल्या, कचरा काढला, कोपऱ्याकोपऱ्यात झाडं लावली. सगळं पाडू नका, फक्त सडलेलं तेवढं काढा, बाकीचं जगवा, असं त्याचं म्हणणं. रिडल्स कोर्टसारखी जुनी घरं दुरुस्त करून विद्यार्थ्यांची वसतिगृहं केली, किल्ल्याशेजारी 'रॅमझी गार्डन' ही लाल-पांढरी घरं बांधून प्राध्यापकांना पुन्हा वर बोलावलं. गेलेल्या लोकांना परत आणायचं होतं त्याला, त्याच जिन्यावर. रिडल्स कोर्टमध्ये आज त्याच्या नावाचं केंद्र आहे. आमच्या दुसऱ्या दिवसाचा चहा तिथल्या अंगणाच्या आसपास कुठेतरी.

हे मी आईला फोनवर सांगत होतो, तर मधेच म्हणाली, "हा माणूस आपल्याकडे यायला हवा होता."

आला होता की! १९१४ मध्ये. शहरांचं प्रदर्शन घेऊन निघालेला. प्रदर्शनाचं सामान नेणारं जहाज 'एमडेन' या जर्मन युद्धनौकेने बुडवलं, तर त्याने नव्याने सामान जमवलं. गावोगाव फिरून अहवाल लिहिले. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तो त्याच्या हाताखाली. आपले मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये पुढे त्या विभागाचे प्रमुख झाले. आणि मुख्य म्हणजे होळकरांचं इंदूर, माझ्या आईचं माहेर! तिथे प्लेगची धास्ती होती, आणि हा साहेब घरं पाडायला आलाय म्हणून लोक त्याच्यावर चिडून होते. त्याने दिवाळीची मिरवणूक आखली. ज्या रस्त्यांवरची घरं सर्वांत स्वच्छ, दुरुस्त, त्या रस्त्यांवरून मिरवणूक जाणार, अशी दवंडी. झालं, सगळं गाव झाडू घेऊन कामाला लागलं. मिरवणुकीत प्लेगच्या राक्षसाबरोबर एक भलामोठा उंदीरही होता! एकही भिंत न पाडता गाव साफ झालं.

याच देशात १९१७ साली ॲना वारली. त्याच्या थोडंच आधी मोठा मुलगा युद्धात गेला होता, आणि आजारी बायकोला ती बातमी सांगायचं गेडिसला धाडस झालं नव्हतं. यावर आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "जेम्स कोर्टात थोडा जास्त वेळ ठेव."

ठेवला. तर बेत असा. पहिला दिवस वरून पाहणं. दुसरा दिवस वरचा अर्धा रस्ता: जेम्स कोर्ट, रिडल्स कोर्ट, लेखकांचं संग्रहालय (फुकट), आणि शेवटी पेस्ली क्लोज. तिसऱ्या दिवशी ह्यूमच्या वाटेने माउंड उतरून नवं शहर. वाटेत सेंट अँड्र्यू स्क्वेअरमधल्या उंच खांबावर हेन्री डंडास दिसेल. गुलामांचा व्यापार बंद करायच्या ठरावात १७९२ साली 'हळूहळू' हा शब्द घुसवणारा आणि कंपनी सरकारवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष झालेला. नव्या शहरातला पैसा कुठून कुठून आला याची आठवण म्हणून त्याच्याकडे मान वर करून बघायचं. चौथा दिवस खालचा अर्धा रस्ता: कॅननगेट, डनबार्स क्लोजमधली जुन्या धर्तीची लपलेली बाग, होलीरूड, आणि समोर २००४ साली उघडलेली संसद. पाचवा दिवस रिकामा. गेडिसच्या त्या रिकाम्या खोलीसारखा.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. ऑगस्ट टाळा, १९४७ पासूनचे महोत्सव तेव्हा असतात, खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर परवडत नाहीत. आणि २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामांवर खोलीभाड्याच्या पाच टक्के पर्यटक-कर आहे, पहिल्या पाच रात्रींपुरता. विमानतळावरून ट्राम थेट गावात येते. चढ आहे, म्हणून राहण्याची जागा रॉयल माईलच्या वरच्या टोकाला घ्या, म्हणजे दिवसभर उतरायचं आणि संध्याकाळी बसने वर यायचं.

मामेभावाच्या एकतीसपैकी नऊ ठिकाणं यात बसली. लॉख नेस बसला नाही. त्याने "मग पैसे कशाला घालवताय?" असं विचारलंय.

एका पोराची ओळख करून द्यायची राहिलीये, त्यासाठी.