उरणच्या यंत्रांचे आयुष्य

मुंबई बंदराच्या पलीकडे, द्रोणागिरीच्या कुशीत वसलेल्या उरणचा इतिहास सांगू लागले की प्रथम मिठागरे आठवतात आणि त्यांच्या मागोमाग मोहाच्या दारूच्या भट्ट्या. कारण एकोणिसाव्या शतकात सरकारी महसुलाच्या दृष्टीने या बेटवजा मुलखाला जे महत्त्व होते ते या दोन बाबींमुळेच, आणि मीठ व अबकारी खात्यांची दप्तरे हा येथील कारभाराचा कणा होता. तो सारा माल शिडाच्या गलबतांतून मुंबईस जाई, आणि गलबत वाऱ्याच्या व भरती-ओहोटीच्या मर्जीने चाले. ही मर्जी सांभाळण्याचे कारण ज्या दिवशी उरले नाही, त्या दिवसापासून उरणात एका निराळ्या विद्येचा आरंभ झाला: लहान यंत्राकडून मोठे काम करून घ्यावयाचे आणि तरीही त्याला अकाली मरू द्यावयाचे नाही, ही ती विद्या. आज दारोदारी उभ्या असलेल्या लहान टर्बो मोटारींच्या टिकाऊपणाविषयी जी चर्चा ऐकू येते, तिची बहुतेक उत्तरे उरणजवळच्या करंजा येथील मासेमारीच्या धक्क्यावर फार पूर्वीच मिळालेली होती, असे माझे प्रामाणिक मत आहे.

स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबई राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याने देशी बांधणीच्या होड्यांवर डिझेल इंजिने बसविण्याची तजवीज केली, सहकारी सोसायट्यांमार्फत कर्जे व अनुदाने दिली, आणि हळूहळू कोकणपट्टीतील कोळीवाड्यांतून शीड मागे पडत गेले. आरंभीची इंजिने वजनाने जड व चालीने संथ होती. पुढे मालमोटारींसाठी घडविलेली अशोक लेलँडची सहा सिलिंडरची इंजिने समुद्रावर चालण्याजोगी करून होड्यांत बसू लागली, तेव्हा मात्र प्रश्न बदलला. मालमोटारीचे इंजिन घाट चढताना कष्टते, पण उतारावर त्याला विसावा मिळतो. होडीच्या इंजिनाला उतार नसतो. जाळे ओढीत ते तासन् तास एकाच भाराखाली चालते, आणि ते मध्येच थांबले तर खलाशांचा जीव व नाखव्याचे कर्ज दोन्ही एकदम पाण्यात. म्हणून होडीवरील ड्रायव्हर पूर्ण शक्ती कधी मागत नसे, चार आणे शक्ती तो नेहमी राखून ठेवी. निघण्यापूर्वी डिपस्टिकवरचे तेल तो अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये चोळून पाही: खर लागली तर धातू झिजतो आहे, आणि रंग दुधासारखा दिसला तर तेलात पाणी शिरले आहे. धक्क्याला लागल्यावरही तो इंजिन ताबडतोब बंद करीत नसे. काही वेळ ते मंद चालीवर ठेवून त्याचा ताप उतरू देई. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली, म्हणजे हल्लीच्या हुकुमाप्रमाणे १ जून ते ३१ जुलै या मुदतीत, होड्या वर ओढल्या जात आणि इंजिने उघडली जात. यंत्राला वर्षातून एकदा हक्काची विश्रांती व तपासणी मिळावी, असा प्रघात समुद्रानेच घालून दिला होता.

टर्बोचे तत्त्व उरणकरांना परके वाटण्याचे कारण नाही, कारण त्याचे विराट रूप त्यांच्या तालुक्यातच उभे आहे. बोकडविऱ्याचे वायू विद्युत केंद्र १९८२ साली सुरू झाले, आणि पुढे १०८ मेगावॅटच्या चार वायू टर्बाइनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंची उष्णता फुकट न दवडता तिच्यावर वाफ करून १२० मेगावॅटचे आणखी दोन संच चालविण्यात आले. मोटारीतील टर्बोही धुराड्यातून वाया जाणाऱ्या शक्तीचाच उपयोग करतो. एक्झॉस्टच्या झोताने एक चाक फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरते, आणि अधिक हवेबरोबर अधिक इंधन जाळता येते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने याचे पेटंट १९०५ साली घेतले. पण सामान्य माणसाच्या मोटारीत ते यावयास १९६२ साल उजाडले, आणि आले ते अमेरिकेत. त्या वर्षीच्या ओल्ड्समोबील जेटफायर या गाडीत इंजिन अवेळी भडकू नये म्हणून पाणी व मद्यार्क यांचे मिश्रण एका वेगळ्या टाकीतून पुरविले जाई. ती टाकी पुन्हा भरण्याचे कष्ट पुष्कळ मालकांनी घेतले नाहीत, तक्रारी वाढल्या, कित्येक गाड्यांवरून टर्बो उतरवून घ्यावे लागले, आणि दोन वर्षांत ते प्रकरण आटोपले. यंत्र चांगले आणि निगा अपुरी, अशा दुर्दैवी जोडीचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

उरणच्या रस्त्यांवर टर्बो आले ते बंदराबरोबर. न्हावा-शेव्याचे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. त्यासाठी व नव्या मुंबईसाठी येथील शेतकऱ्यांनी कोणती किंमत मोजली, हे १९८४ च्या जानेवारीतील जासईच्या भूसंपादनाविरुद्धच्या लढ्याने साऱ्या महाराष्ट्राला कळले होते, आणि या तालुक्याची कोणतीही कथा त्या लढ्यातील हुतात्म्यांना वगळून सांगता येऊ नये. बंदरामागोमाग कंटेनर वाहणारे ट्रेलर आले, आणि ज्यांच्या नावापुढे टी.सी. (टर्बोचार्ज्ड) ही अक्षरे असत ती टर्बो इंजिने मिठागरांच्या बांधांशेजारून धावू लागली. निर्मात्यांच्या पुस्तिकांत सूचना असे की इंजिन बंद करण्यापूर्वी ते काही मिनिटे मंद चालू ठेवावे. करंज्याच्या ड्रायव्हरला ही सूचना वाचण्याची गरजच नव्हती.

मग पाळी आली घरगुती मोटारीची. ॲम्बॅसडरचे जुने डिझेल इंजिन १४८९ सी.सी.चे असून ३७ अश्वशक्ती देई. २००७ साली स्विफ्टमध्ये आलेले आणि पुढे रांजणगावच्या फियात कारखान्यातूनही निघालेले टर्बो डिझेल अवघ्या १२४८ सी.सी.चे, पण ७५ अश्वशक्तीचे. आणि २०२० साली फोक्सवॅगनच्या पोलोत बसलेले ९९९ सी.सी.चे पेट्रोल टर्बो तर ११० अश्वशक्तीचे. म्हणजे आकार घटत गेला आणि मागणी तिपटीजवळ पोहोचली. ज्यांना या आकड्यांचे भय वाटते त्यांना मी दोष देणार नाही. परंतु त्या १२४८ सी.सी.च्या डिझेलवर दोन-तीन लाख किलोमीटर धावलेल्या टॅक्सी महाराष्ट्रभर दिसल्या, हेही तितकेच खरे. लहान टर्बो इंजिन अल्पायुषी असते असे नव्हे, ते असहिष्णू असते. जुने इंजिन मालकाची हयगय वर्षानुवर्षे पोटात घाली. याला ती सोसत नाही.

असे का, ते पाहण्याजोगे आहे. लहान टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो, आणि तो तेलाच्या अत्यंत पातळ थरावर तरंगत असतो. पेट्रोल इंजिनात त्याच्या एका टोकाशी येणारा वायू नऊशे अंशांच्या घरात तापलेला असतो. चालत्या इंजिनात वाहते तेल ही उष्णता वाहून नेते, पण इंजिन एकाएकी बंद केले तर थांबलेले तेल तेथेच करपून त्याचा कोळसा होतो आणि पुढच्या खेपेस तेलाची बारीक वाट अडते. हल्ली पुष्कळ टर्बोंना पाण्याचेही शीतन असल्याने हा धोका कमी झाला आहे, संपलेला नाही. शिवाय ज्या इंजिनांत टायमिंग चेनचा ताण तेलाच्या दाबानेच राखला जातो, तेथे तेल बिघडले की चेन सैल पडू लागते. म्हणजे टर्बो मेला असे जे म्हटले जाते, तेथे पुष्कळदा तेल आधी मेलेले असते.

उरणला ही गोष्ट विशेष लागू आहे. येथील खारी हवा दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या ॲल्युमिनियमच्या पात्या खाते, ट्रेलरांची धूळ एअर फिल्टर लवकर भरते, आणि मोरा बंदरापासून बाजारापर्यंतच्या आखूड खेपांत तेल पुरते तापतच नाही, त्यामुळे त्यातले इंधनाचे व पाण्याचे अंश उडून जात नाहीत. उलट जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यावर मोटार मुंबईहून जवळजवळ २२ किलोमीटर शंभराच्या गतीने धावून चिर्ले येथे उतरते, आणि चालक लगेच पेट्रोल पंपावर चावी फिरवून मोकळा होतो. अशा गावात पुस्तिकेतील सर्वसाधारण मुदतीवर विसंबू नये, तेल तिच्या निम्म्या अंतरातच बदलावे, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. त्याचा खर्च नव्या टर्बोच्या किमतीपुढे नगण्य ठरतो.

जुनी टर्बो मोटार घेणाऱ्याने मेस्त्रीकडून एक परीक्षा अवश्य करवून घ्यावी. इंजिन थंड असताना हवेची नळी काढून कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या, चाकाचे टोक दोन बोटांत धरावयाचे आणि हलवून पाहावयाचे. बाजूला किंचित हलले तर घाबरू नये, तेलाच्या थरासाठी तेवढी जागा मुद्दाम सोडलेली असते. पण चाक पुढेमागे सरकले, किंवा पात्यांची टोके आवरणाला घासून चकाकलेली दिसली, तर विक्रेत्याने किमतीत कितीही सूट देऊ केली तरी तो व्यवहार करू नये.