सुवेरातला पुजारी आणि बापाची रजा

बाळंतपणाची रजा म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं बाईच येते. ते बरोबरच आहे. पण बापाला रजा असते का? आणि तो बाप देवळातला पुजारी असला तर? हा प्रश्न आमच्या गटात बचतीचे पैसे मोजता मोजता निघाला. आमच्यातल्या एकीचं माहेर पुजाऱ्याचं. ती म्हणाली, "आमच्या घरी पाळणा हलला की वडील दहा दिवस घरी असायचे. पण असून नसल्यासारखे." मग आम्ही या गोष्टीचा माग काढायचं ठरवलं.

सुवेर काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. घरात मूल जन्मलं की दहा दिवस देवपूजा बंद. तुमच्या आमच्या घरात देव्हाऱ्यातल्या देवांना हात लागत नाही, एवढंच. पण ज्याचं पोटच पूजेवर, त्याला हे दहा दिवस वेगळे. त्याला देवाला शिवता येत नाही. म्हणजे पुजाऱ्याला बाप झाल्याची सुट्टी शेकडो वर्षांपासून आहे, फक्त ती बाळासाठी नाही, विटाळासाठी आहे.

आता या सुट्टीत पगाराचं काय? इथं दोन तऱ्हा दिसतात. एक आपल्या गावातला गुरव. तो बलुतेदार. सुगीला खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला, कुठं कुठं देवाची इनाम जमीनही त्याच्याकडं. बलुतं वर्षाचं असे, रोजावर मोजलेलं नसे. घरात सुवेर आलं तर शेजारच्या गावचा गुरव किंवा पाहुणा येऊन दिवा लावी, आणि सुगीला वाटा आपल्या जागी. पगारी रजाच म्हणा की ती!

दुसरी तऱ्हा मोठ्या देवस्थानांची. आपल्या तुळजापूरला भोपे आहेत, पाळीकर आहेत, उपाध्ये आहेत. निजामाच्या राज्यात १९०९ साली देवळाच्या कारभाराचे नियम झाले, त्यांना 'देऊल-ए-कवायत' म्हणतात. पुजाऱ्यावर कारवाई करायची वेळ आली की आजही त्यांचंच नाव निघतं. मंदिर संस्थानचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. पण पिढीजात पुजारी काही संस्थानचा पगारी नोकर नव्हे. त्याची कमाई पाळीवर. (पाळी हा शब्द आला तेव्हा आम्ही सगळ्याच हसलो. आपली पाळी आपल्याला देवळाबाहेर ठेवते, त्यांची पाळी त्यांना गाभाऱ्यात नेते.) अशी पाळीची पद्धत जिथं जिथं आहे, तिथं पाळीच्या दिवसांत सुवेर आलं की ते दिवस दुसऱ्याच्या हाती जातात आणि दक्षिणाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना हे लगेच कळेल. त्यांच्या भाषेत याला खाडा म्हणतात. जोडीनं कोयता धरायचा, आणि एकीचं पोट दुखलं तरी खाडा. पुजाऱ्याचा हा देवाघरचा खाडा.

देवीची मात्र सोय आहे बघा. नवरात्राआधी, दसऱ्यानंतर आणि पौषात, अशी वर्षातून तीनदा ती पलंगावर निद्रा घेते. दसऱ्यानंतरची झोप तर लढाईचा शीण घालवायला, कोजागिरीपर्यंत. देवीलाही विश्रांती लागते हे आपल्या लोकांनी ओळखलं होतं.

हे सुवेराचे नियम आले कुठून? उमरग्याच्या पलीकडं हद्द ओलांडली की बसवकल्याण लागतं. जुनं नाव कल्याणी, चालुक्यांची राजधानी. तिथं सुमारे नऊशे वर्षांपूर्वी विज्ञानेश्वर नावाच्या पंडितानं याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. वाटणीच्या खटल्यांत कोर्टात जिचं नाव निघतं, तीच ही. त्यात वारसाहक्क आहे तसा सोयरसुतकाचाही भाग आहे. गंमत अशी, की स्मृतींप्रमाणं बाप आंघोळ केली की शिवायला मोकळा. न शिवण्याचे दहा दिवस आईचे. पूजा मात्र त्यालाही बंद. म्हणजे त्याला देवाजवळ जाता येईना, आणि बाळंतिणीच्या खोलीत त्याचं काही काम आहे असं कुणी म्हणेना.

त्याच कल्याणीत पुढं पन्नास-साठ वर्षांनी बसवण्णा आले आणि त्यांनी उलट सांगितलं. जन्माचं सुतक नाही, मरणाचं नाही, बाईच्या विटाळाचं नाही, जातीचं नाही, उष्ट्याचं नाही. आपल्या जिल्ह्यात लिंगायत घरं पुष्कळ आहेत, त्यांना ही पाच सुतकं माहीत असतील. आम्हाला हा विचार फार मोठा वाटतो. बाळंतीण अपवित्र नाही, असं बाराव्या शतकात कुणी बोललं होतं! पण हिशेब करा: विटाळ गेला तशी विटाळाची सुट्टीही गेली. जंगम बापाला दुसऱ्या दिवशीही पूजा करायला काही आड येत नाही.

मशिदीतल्या इमामाचं असंच. इस्लाममध्ये बाळंतिणीला चाळीस दिवसांपर्यंत नमाज माफ असतो, बापाला नाही. पहाटेच्या नमाजाला तो उभा पाहिजेच. इमामाला पगार द्यायचा की नाही यावरच मोठा वाद होता. १९९३ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, वक्फ मंडळांनी इमामांना वेतन द्यावं. आधी पगार, मग रजेची गोष्ट, असा क्रम असतो.

पंढरपुरात तेच झालं. बडवे-उत्पातांचे पिढीजात हक्क काढणारा कायदा १९७३ चा, पण कोर्टकचेऱ्या चालल्या चाळीस वर्षं. २०१४ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टात निकाल लागला आणि मंदिर समितीनं पगारी पुजाऱ्यांसाठी अर्ज मागवले, सगळ्या जातींकडून आणि बायांकडूनही. पुजारी पगारी झाला की तो कामगारासारखा दिसू लागतो. मग बाप झाल्यावर घरी थांबण्याचं मागणंही आज ना उद्या येणारच.

विलायतेत हा घोळ कागदावर सुटला. तिथं २००३ पासून नोकरदार बापाला दोन आठवड्यांची पगारी रजा आहे. पण चर्चचा पाद्री कुणाचा नोकर नाही, तो पदावर बसलेला माणूस, असं कायदा मानायचा. चर्च ऑफ इंग्लंडनं २००९ साली नियम करून अशा पदावरच्या पाद्रीलाही ही रजा दिली. तिथले पाद्री लग्न करतात, मुलंबाळं असतात, म्हणून.

आपल्याकडं केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १९९७ पासून १५ दिवस मिळतात, तेही दोनपेक्षा कमी मुलं हयात असतील तर. आईची रजा २०१७ मध्ये २६ आठवडे झाली, त्या कायद्यात बाप नाही. त्याच वर्षी आपल्या मराठवाड्यातले, हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी लोकसभेत खासगी विधेयक आणलं. बापाला १५ दिवस पगारी रजा, वाढवून तीन महिन्यांपर्यंत, असंघटित कामगारांनाही. ते मंजूर झालं नाही. सातव २०२१ मध्ये करोनाच्या काळात गेले. पुजारी, गुरव, मजूर, ऊसतोड्या, सगळे त्या 'असंघटित' शब्दात बसले असते.

आमच्या मैत्रिणीनं मग आईला विचारलं, "त्या दहा दिवसांत दादा काय करायचे?" आई म्हणाली, "ओट्यावर बसून पाळी कुणाकडं गेली त्याचा हिशेब करायचे." मैत्रिणीच्या भावाला मागच्या वर्षी मुलगी झाली. पाळी त्याचीही बुडाली. त्यानं दहाही दिवस चुलीवर पाणी तापवलं आणि लंगोट धुतले. भावकीतले हसले. बारशाला त्यानंच मुलीला पाळण्यात घातलं.