मोटारीतील इक्वलायझर आणि क्रॉसओव्हर : टेलिफोनच्या तारांतून आलेला वारसा

१/१२
मोटारीत नवी ध्वनियंत्रणा बसली की बहुतेकांच्या हातून पहिली कृती ठरलेली असते : इक्वलायझरच्या दोन्ही टोकांच्या पट्ट्या वर, मधल्या खाली. आवाज क्षणभर भारदस्त वाटतो. घाट संपेपर्यंत कान शिणतात. असे का होते आणि ही उपकरणे निवडावीत कशी, याचे उत्तर त्यांच्या इतिहासात आहे. म्हणून हा धागा.

२/१२
इक्वलायझर जन्मला तो संगीतासाठी नव्हे, टेलिफोनसाठी. लांब तारेतून जाताना उच्च स्वर अधिक क्षीण होतात, खर्ज त्यामानाने टिकतो. अभियंत्यांनी उपाय काढला तो असा : टिकलेला खर्जच तेवढा घटवायचा, सर्व स्वर एका पातळीवर आणायचे, आणि मग अवघा संदेश ॲम्प्लिफायरने उचलायचा. म्हणून नाव ‘समान करणारा’. मूळचा इक्वलायझर वाढवीत नसे; तो वजाबाकी करी.

३/१२
क्रॉसओव्हरचे कूळही तेच. १९१५ च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज कॅम्पबेल आणि जर्मनीत कार्ल विली वाग्नर यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, विद्युत-गाळणी सिद्ध केली. तारेचे वेटोळे आणि कपॅसिटर यांच्या जुळणीतून काही वारंवारता पुढे सोडायच्या, काही अडवायच्या. एका तारेवरून जाणारी अनेक संभाषणे वेगळी काढण्यासाठी ती उपयोगी पडली. पुढे तिनेच एका संगीताचे दोन भाग केले.

४/१२
२७ एप्रिल १९३३. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा आपल्याच शहरात वाजत होता आणि श्रोते होते वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये! बेल प्रयोगशाळेने तीन स्वतंत्र वाहिन्यांनी तो ध्वनी तारांवरून आणला होता. संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की स्वतः वॉशिंग्टनमध्ये नियंत्रणाच्या खुंट्यांवर बसले होते. प्रत्येक वाहिनीला खर्जाचा कर्णा वेगळा, उच्च स्वरांचा वेगळा. विभागणी सुमारे ३०० हर्ट्झवर. समकरण आणि विभाजन या दोन्ही कला त्या रात्री एकत्र नांदल्या.

५/१२
पण विभागणीने नवा प्रश्न उभा केला. दोन कर्ण्यांची लांबी भिन्न असली की एकच ध्वनी दोन वेळांना पोहोचतो. चित्रपटगृहांतील ध्वनिक्षेपकांवर काम करताना एमजीएमच्या अभियंत्यांना टॅप-नृत्यातील एकेका पदाघाताचे दोन आघात ऐकू आले, असे सांगितले जाते. डग्लस शिअरर आणि जॉन हिलियर्ड यांच्या चमूने १९३६ च्या ‘शिअरर हॉर्न’मध्ये हे अंतर कमी केले. धडा असा : स्वर वाटून दिले की त्यांच्या वेळाही जुळवाव्या लागतात.

६/१२
मोटारीत संगीत आले ते याच काळात. १९३० मध्ये पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने ‘मोटोरोला’ नावाचा मोटार-रेडिओ बाजारात आणला. पुढे कंपनीनेच ते नाव धारण केले. तेव्हा एकच ध्वनिक्षेपक असे. वाटून देण्यासारखे काही नव्हतेच.

७/१२
मग पट्ट्यांची टोके वर करण्याची ओढ येते कोठून? १९३३ मध्येच हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी दाखवले, की आवाज लहान असताना कानाला खर्ज फारच कमी ऐकू येतो. आवाज वाढला की ही तूट घटते. म्हणजे ओढ खोटी नाही. मात्र मंद आवाजात केलेली भर मोठ्या आवाजात अतिरेक ठरते.

८/१२
१९७० चे दशक निर्णायक ठरले. १९७२ मध्ये जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी पॅरामेट्रिक इक्वलायझरवर निबंध मांडला : कोणती वारंवारता, किती रुंद पट्टा आणि किती फरक, हे तिन्ही ऐकणाऱ्याच्या हाती. १९७६ मध्ये सिगफ्रीड लिंकविट्झ यांनी सहकारी रस रायली यांच्या साहाय्याने अशी विभागणी मांडली, की सांध्यावर दोन्ही ध्वनिक्षेपकांची बेरीज सपाट यावी. जुन्या २४ डेसिबलच्या बटरवर्थ विभागणीत तेथे ३ डेसिबलचा उंचवटा राहत असे.

९/१२
१९८३ सालच्या कॅडिलॅक सेव्हिलसारख्या मोटारींत जनरल मोटर्स आणि अमर बोस यांच्या कंपनीने त्या-त्या मोटारीच्या अंतर्भागासाठी जुळवलेली ध्वनियंत्रणा दिली. अमर बोस हे कलकत्त्याहून अमेरिकेस गेलेल्या एका स्वातंत्र्यसैनिकाचे पुत्र. काच, आसने, दारे हीही ध्वनियोजनेचाच भाग असतात, हा विचार आता कारखान्यात पोहोचला होता.

१०/१२
आता निवड. आधी क्रॉसओव्हर, मग इक्वलायझर. दारातील ध्वनिक्षेपक आणि सबवूफर यांच्यात साधारण ८० हर्ट्झवर, २४ डेसिबल प्रति सप्तक उताराने विभागणी हा चांगला आरंभ. ॲम्प्लिफायरच्या आधी बसणारा सक्रिय क्रॉसओव्हर परवडला तर उत्तम, कारण त्याचा बिंदू हलवता येतो. वेटोळी-कपॅसिटरचा निष्क्रिय संच ठरल्या जागीच विभागतो. आणि वेळ जुळवण्याची सोय अवश्य पाहा. ध्वनीला १ मीटर कापायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, आणि आपल्याकडे चालकाला उजवे दार जवळ, डावे दूर!

११/१२
इक्वलायझरमध्ये पट्ट्यांच्या संख्येला भुलू नये. ठरावीक जागांच्या सात पट्ट्यांपेक्षा हव्या त्या जागी नेता येणारे तीन पॅरामेट्रिक पट्टे अधिक कामाचे. शक्य तेथे उंचवटे कापा. १० डेसिबलची वाढ म्हणजे दहापट शक्ती : १० वॅटच्या जागी १०० वॅट! ॲम्प्लिफायरची तेवढी ताकद नसेल, तर लहरींची शिखरे छाटली जातात आणि ट्वीटर जळण्याचा धोका उद्भवतो. दोन लहरींनी परस्परांना खोडल्याने पडलेला खड्डा तर कितीही भर घालून बुजत नाही. वाढवले की दोन्ही लहरी वाढतात.

१२/१२
शंभर वर्षांपूर्वीचे ते तार-अभियंते आधी घटवीत आणि मग उचलीत. आज रात्री मोटारीत बसाल तेव्हा सर्व पट्ट्या शून्यावर आणा, ओळखीचे एक गाणे लावा, आणि जे कानाला टोचते तेवढेच कमी करा. त्या उपकरणाचे नाव तेव्हा सार्थ होईल.